उंच उडी आणि उतरण्याची जागा : वालेरी ब्रुमेल ते सर्वेश कुशारे

२१ जुलै १९६३ रोजी मॉस्को येथील लेनिन स्टेडियमवर सोव्हिएत संघ व अमेरिका यांच्यातील मैदानी सामन्यात वालेरी ब्रुमेल या एकवीस वर्षांच्या खेळाडूने २.२८ मीटर उंच उडी मारून स्वतःचाच जागतिक विक्रम मोडला. १६ सप्टेंबर २०२५ रोजी टोकियो येथे जागतिक मैदानी अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम फेरीत नाशिक जिल्ह्यातील देवरगावच्या सर्वेश अनिल कुशारे याने नेमकी तेवढीच, म्हणजे २.२८ मीटर, उडी मारली आणि तो सहावा आला. या स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय होय. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की एक निष्कर्ष आपोआप जिभेवर येतो : रशियन खेळाडूने १९६३ साली जे साधले ते साधण्यास भारताला आणखी बासष्ट वर्षे लागली. हा निष्कर्ष अंकगणित म्हणून बरोबर आहे. इतिहास म्हणून तो फारसा उपयोगाचा नाही. दोघांच्या उडीचे तंत्र निराळे होते, पायाखालची जमीन निराळी होती आणि दांडीपलीकडे दोघांना झेलणारी जागा तर सर्वस्वी निराळी होती. या शेवटच्या भेदाकडे क्रीडेतिहासाने द्यावे तेवढे लक्ष दिलेले नाही.

विक्रमांच्या कोष्टकात चढण्याची नोंद असते, उतरण्याची नसते. परंतु दोन मीटरांवरून खाली येणारे शरीर कोठेतरी आदळणारच, आणि ते कोठे आदळणार यावर ते वर कसे जाणार हे पुष्कळसे अवलंबून असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उडी मारणाऱ्यापुढे वाळूचा, लाकडाच्या भुशाचा किंवा उकरून भुसभुशीत केलेल्या मातीचा हौद असे. अशा हौदात पाठीवर किंवा मानेवर पडणे म्हणजे अपंगत्व ओढवून घेणे. म्हणून त्या काळातील प्रत्येक तंत्रात खेळाडू निदान एका पायावर, फार तर हातापायांवर, उतरू शकेल अशी योजना होती. शाळाशाळांत दिसणारी कात्री उडी ही त्यांतील सर्वांत जुनी व सर्वांत सुरक्षित. पुढे अंग दांडीला समांतर करून जाण्याची 'वेस्टर्न रोल' पद्धत आली. आणि तिच्यापुढची पायरी म्हणजे पोट दांडीकडे करून, जणू दांडीला कवटाळून पलीकडे वळण्याची 'स्ट्रॅडल' पद्धत. हीच ब्रुमेलची पद्धत होती.

ब्रुमेलचा जन्म १४ एप्रिल १९४२ रोजी सैबेरियाच्या अतिपूर्वेकडील आमूर प्रदेशातील एका खेड्यात, भूगर्भसंशोधकांच्या कुटुंबात झाला. पुढे हे कुटुंब युक्रेनमधील लुगान्स्क या औद्योगिक नगरात आले. तेथे श्टाइन नावाच्या शिक्षकाच्या हाताखाली त्याने उडीचे पहिले धडे घेतले आणि सोळाव्या वर्षी दोन मीटरांची उंची गाठली. त्यानंतर मॉस्कोत व्लादिमीर द्याचकोव्ह या प्रशिक्षकाने त्याला हाती घेतले. ब्रुमेलच्या कारकीर्दीचे हे दोन टप्पे वेगळे ठेवून पाहिले पाहिजेत. लुगान्स्कच्या शिक्षकाने मुलगा ओळखला. मॉस्कोच्या शास्त्रज्ञ-प्रशिक्षकाने तो घडविला. द्याचकोव्ह हा उडीचे पृथक्करण करणारा माणूस होता. धावेचा वेग, शेवटच्या पावलांचा ताल, उसळी घेणाऱ्या पायाचा कोन, मोकळ्या पायाचा झोका आणि दोन्ही हातांची उचल या प्रत्येक अंगाचा त्याने स्वतंत्र अभ्यास केला. उंच उडीसाठी वजने उचलण्याचा नियमित व्यायाम हा आज सर्वमान्य असला, तरी त्या काळी स्नायू जड होतील या भीतीने पुष्कळ प्रशिक्षक तो टाळीत. ब्रुमेल मात्र धावपटूच्या वेगाने दांडीकडे येई आणि भारोत्तोलकाच्या ताकदीने वर जाई.

सोव्हिएत राज्याला उंच उडीत रस असण्याचे कारण उघड होते. हा प्रकार दीर्घकाळ अमेरिकेची मिरास समजला जाई. १३ जुलै १९५७ रोजी यूरी स्तेपानोव्ह याने लेनिनग्राद येथे २.१६ मीटर उडी मारून ती मोडली. परंतु त्याच्या उसळीच्या पायातील बुटाचा तळ जाड असल्याचे दिसून आले आणि त्यावरून एवढा गदारोळ उठला की पुढील वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेला तळाच्या जाडीवर मर्यादा घालावी लागली. विक्रम कायम राहिला. संशयही कायम राहिला. १९६० च्या रोम ऑलिंपिकला अमेरिकेचा जॉन थॉमस २.२२ मीटरचा जागतिक विक्रम खिशात घालून आला होता आणि सुवर्णपदक त्याचेच असे सर्वजण धरून चालले होते. प्रत्यक्षात सोव्हिएत संघाच्या शावलाकाद्झे याने २.१६ मीटर उडी मारून पहिला क्रमांक पटकाविला, तेवढीच उडी मारलेला अठरा वर्षांचा ब्रुमेल दुसरा आला आणि थॉमस २.१४ वर थांबून तिसरा राहिला.

यानंतरच्या तीन वर्षांत ब्रुमेलने जे केले त्याला उंच उडीच्या इतिहासात जवळजवळ जोड नाही. १९६१ च्या जूनमध्ये मॉस्को येथे २.२३, जुलैमध्ये तेथेच २.२४, ऑगस्टअखेर सोफिया येथे २.२५, १९६२ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील पालो आल्टो येथे २.२६, सप्टेंबरमध्ये मॉस्को येथे २.२७, आणि १९६३ च्या जुलैमध्ये २.२८. सहा वेळा विक्रम, प्रत्येक वेळी एका सेंटिमीटरने पुढे. हे सेंटिमीटर हिशेबीपणाचे नव्हते असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु हिशेब करण्याइतपत स्वतःची उंची हातात असणे हीच तर थोर खेळाडूची खूण होय. पालो आल्टोच्या सामन्याला दोन दिवसांत दीड लाखांहून अधिक अमेरिकन प्रेक्षक आले. ही गर्दी क्यूबाच्या क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगापूर्वी अवघे तीन महिने जमली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे महत्त्व कळते.

१९६३ च्या मॉस्को सामन्याची पार्श्वभूमी तर याहून बोलकी आहे. त्या दिवशी स्टेडियममध्ये स्वतः ख्रुश्चेव्ह आणि अणुचाचणीबंदीच्या वाटाघाटींसाठी मॉस्कोत आलेले अमेरिकी प्रतिनिधी ॲव्हरेल हॅरिमन असे दोघेही होते. ५ ऑगस्ट रोजी चाचणीबंदी करारावर मॉस्कोत सह्या झाल्या. त्यानंतर तीनच दिवसांनी, ८ ऑगस्ट १९६३ रोजी, भारत व अमेरिका यांच्यात तारापूर अणुवीजकेंद्राविषयीचा करार झाला. बोईसर हे तेव्हा पश्चिम रेल्वेवरील एक लहानसे स्टेशन होते आणि तारापूर त्याच्या पश्चिमेचे समुद्रकाठचे गाव. ऑक्टोबर १९६९ मध्ये केंद्रातून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली, पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि बोईसर-तारापूर हे जोडनाव रूढ झाले. अमेरिकेच्या अणुभट्ट्यांना पुढे फ्रान्स, चीन व अखेर २००१ साली रशियाचे इंधन पुरवावे लागले, हा निराळ्या लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे की ब्रुमेलची सर्वोच्च उडी आणि आजच्या पालघर जिल्ह्याचे आधुनिक रूप ही दोन्ही १९६३ च्या त्याच तीन आठवड्यांच्या आतबाहेरची आहेत. ती उडी शीतयुद्धाच्या स्पर्धेतून आणि हा करार त्याच स्पर्धेतील साहाय्याच्या राजकारणातून जन्माला आला.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्रुमेलने सुवर्णपदक मिळविले, पण ते सहज नव्हे. तो आणि थॉमस या दोघांनीही २.१८ मीटर उंची पार केली. निर्णय चुकलेल्या प्रयत्नांच्या संख्येवर झाला आणि तो ब्रुमेलच्या बाजूने लागला. त्या उडीची धाव कोळशाच्या राखेने बांधलेल्या मार्गावरची होती. ऑलिंपिकमध्ये कृत्रिम धावमार्ग प्रथम आला तो चार वर्षांनी, मेक्सिकोत.

ऑक्टोबर १९६५ मध्ये मॉस्कोत मोटारसायकलवर मागे बसून जात असता ब्रुमेलला अपघात झाला. उजव्या पायाच्या नडगीचे अक्षरशः तुकडे झाले. पाय कापावा लागेल अशी वेळ आली होती. ती टळली, पण वीसहून अधिक शस्त्रक्रिया होऊनही हाड सांधेना आणि पाय आखूड झाला. तेवीस वर्षांच्या जगज्जेत्याची कारकीर्द येथे संपली असे समजून बहुतेक चरित्रलेखक पुढचा भाग दोन वाक्यांत उरकतात. वस्तुतः मानवजातीच्या दृष्टीने ब्रुमेलच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी भाग येथूनच सुरू होतो.

पश्चिम सैबेरियातील कुर्गान या दूरच्या नगरात गाव्रील इलिझारोव्ह नावाचे एक शल्यविशारद पन्नाशीच्या दशकाच्या आरंभापासून एक विलक्षण पद्धत वापरीत होते. मोडलेल्या हाडातून ताणलेल्या बारीक तारा आरपार नेऊन त्या पायाभोवतीच्या धातूच्या कड्यांना बांधावयाच्या, कडी आट्यांच्या दांड्यांनी जोडावयाची आणि रोज सुमारे एक मिलिमीटर या गतीने त्यांतील अंतर वाढवीत न्यावयाचे. पडणाऱ्या फटीत शरीर स्वतःच नवे हाड भरून काढते. मॉस्कोतील वैद्यकीय मातब्बरांनी या प्रांतिक डॉक्टरकडे बराच काळ दुर्लक्ष केले होते. १९६८ साली ब्रुमेल कुर्गानला गेला. इलिझारोव्ह यांनी त्याचे हाड सांधले, पायाची लांबी परत आणली आणि तो पुन्हा दांडीसमोर उभा राहून दोन मीटरांपलीकडे उडी मारू शकला. जागतिक विक्रमाच्या हिशेबात या उडीला स्थान नाही. परंतु देशातील सर्वांत प्रसिद्ध पाय बरा केल्यावर इलिझारोव्ह यांच्याकडे दुर्लक्ष करणे कोणाला शक्य राहिले नाही; १९७१ साली त्यांच्या कामाला स्वतंत्र संस्थेचे रूप मिळाले. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी ही पद्धत इटलीमार्गे पश्चिम युरोपात पोहोचली आणि आज महाराष्ट्रातील अस्थिरुग्णालयांतही पायाभोवती ती कडी घातलेले रुग्ण दिसतात. त्यांना ब्रुमेलचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. तो २६ जानेवारी २००३ रोजी मॉस्कोत मरण पावला.

२.२८ मीटरचा त्याचा अधिकृत विक्रम आठ वर्षे टिकला. १९७० साली चीनच्या नी झी-चिन याने २.२९ मीटर उडी मारली, पण चीन तेव्हा आंतरराष्ट्रीय संघटनेचा सभासद नसल्याने ती मान्य झाली नाही. १९७१ साली अमेरिकेच्या पॅट मॅट्झडॉर्फ याने तीच उंची गाठून विक्रम आपल्या नावे केला. कोष्टक वाचताना त्यातील राजकारण विसरू नये म्हणून हा उल्लेख.

दरम्यान उतरण्याची जागा बदलली होती. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील डिक फॉस्बरी या शाळकरी मुलाला स्ट्रॅडल जमेना. त्याने कात्री उडीत थोडथोडा बदल करीत पाठ दांडीकडे करून, डोके पुढे घालून जाण्यास सुरुवात केली. त्याच्या शाळेत वाळूच्या हौदाऐवजी फोम रबराची जाड गादी आली होती. ती नसती तर हा मुलगा एकतर कात्री उडीवरच राहिला असता, नाहीतर रुग्णालयात गेला असता. २० ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिकोत त्याने २.२४ मीटर उडीने सुवर्णपदक जिंकले आणि जग अचंबित झाले. जुने तंत्र त्या दिवशी मेले नाही, हेही सांगितले पाहिजे. पूर्व जर्मनीच्या रोझमारी आकरमान हिने १९७७ साली स्त्रियांमध्ये प्रथमच दोन मीटर ओलांडले ते स्ट्रॅडलनेच, आणि त्याच वर्षी सोव्हिएत संघाच्या व्लादिमीर याश्चेंको याने २.३३ मीटरचा जागतिक विक्रमही त्याच तंत्राने केला. तथापि फॉस्बरीची पद्धत शिकविण्यास सोपी होती, आणि गादी असेल तेथे तिला प्रतिस्पर्धी उरला नाही. अट एवढीच, की गादी असली पाहिजे. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मोठ्या स्पर्धांतील ही गादी निदान ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद व ०.७ मीटर जाड असावी लागते. स्ट्रॅडल ही वाळूतही शिकता येणारी विद्या होती. फॉस्बरीची उडी ही साधनसंपन्न शाळेची विद्या आहे. तंत्रातील क्रांतीने खेळ सोपा केला, त्याच वेळी तो महागही केला.

रशियन परंपरा ब्रुमेलनंतरही अखंड राहिली. तिच्यातील अलीकडचे थोर नाव मारिया लासित्सकेने हे होय. काकेशस पर्वताच्या उत्तरेस काबार्दिनो-बाल्कारिया प्रदेशातील प्रोख्लाद्नी या लहान गावात ती वाढली आणि गेन्नादी गाब्रिल्यान या तेथील प्रशिक्षकाच्याच हाताखाली २०१५, २०१७ व २०१९ अशी तीन वेळा जगज्जेती झाली. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात रशियन संघटनेवर बंदी आल्याने तिला २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला मुकावे लागले व पुढील दोन जागतिक विजेतीपदे ध्वजाविना स्वीकारावी लागली. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत तिने २.०४ मीटर उडी मारून ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले; त्याच संध्याकाळी त्याच मैदानावर नीरज चोप्राने भालाफेकीचे सुवर्णपदक मिळविले, त्यामुळे भारतात उंच उडीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. १९६४ चे राष्ट्रीय स्टेडियम पाडून त्याच जागी हे नवे स्टेडियम उभारलेले आहे. ब्रुमेल, लासित्सकेने आणि कुशारे या तिघांच्याही कारकीर्दीतील महत्त्वाचे क्षण या एकाच भूमीवर घडले.

आता महाराष्ट्राकडे वळावे. खेडेगावातील अंगभूत शक्ती आणि शहरातील संघटन यांची गाठ पडण्याचा प्रश्न येथे शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत सर दोराबजी टाटा यांनी खेड्यांतून आलेले अनवाणी धावणारे तरुण पाहिले आणि त्यातूनच पुढील वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय पथक गेले. त्यातील फडेप्पा चौगुले हे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. १९५२ साली कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळविले, ते राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून पैसे उभे केल्यावर. धावणे आणि कुस्ती हे दोन्ही प्रकार असे आहेत की त्यांचा आरंभ करण्यास मातीखेरीज काही लागत नाही. अडचण येते ती नंतर, प्रवासाच्या व खर्चाच्या वेळी. उंच उडीची अडचण पहिल्याच दिवशी येते.

भारतात या प्रकाराची परंपरा अगदीच नव्हती असे नाही. १९५४ च्या मनिला आशियाई स्पर्धांत अजित सिंग याने आणि १९६६ च्या बँकॉक स्पर्धांत भीम सिंग याने उंच उडीचे सुवर्णपदक जिंकले. भीम सिंगची विजयी उडी २.०५ मीटरची होती. म्हणजे तेव्हाचा आशियाचा विजेता जागतिक विक्रमापासून २३ सेंटिमीटर दूर होता. पुढे २००४ साली हरिशंकर रॉय याने राष्ट्रीय विक्रम २.२५ वर नेला आणि अमेरिकेतील विद्यापीठात शिकणाऱ्या तेजस्विन शंकरने २०१८ मध्ये तो २.२९ वर पोहोचविला.

सर्वेश कुशारेचा जन्म १७ जून १९९५ चा. वडील शेतकरी. देवरगावच्या शाळेतील क्रीडाशिक्षक रावसाहेब जाधव यांनी त्याला उंच उडीकडे वळविले. शाळेजवळ फोमची गादी नव्हती. नाशिक जिल्ह्याच्या त्या भागात मका भरपूर होतो. कणसे काढून घेतल्यावर उरणारा टाकाऊ भाग भरून उतरण्याची गादी तयार करण्यात आली आणि सर्वेश त्या गादीवर पाठ टाकण्यास शिकला. या घटनेचे तांत्रिक महत्त्व नीट समजून घेतले पाहिजे. गादी नसती तर मुलगा कात्री उडीच शिकला असता, आणि कात्री उडीने दोन मीटरांच्या पलीकडचे आंतरराष्ट्रीय जग आज कोणालाही दिसत नाही. ओरेगनच्या शाळेत १९६० नंतर जे फोमने केले, ते काम देवरगावात मक्याने केले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मक्याच्या गादीची कथा वृत्तपत्रांना फार प्रिय आहे आणि ती ज्या स्वरात सांगितली जाते तो स्वर अभावाचेच कौतुक करणारा असतो. त्यातून असा समज पसरतो की जिद्द असली म्हणजे साधनांवाचून अडत नाही. इतिहास याच्या उलट सांगतो. अभावाने खेळाडू घडला नाही. एका शिक्षकाने अभावावर उपाय शोधला म्हणून तो घडू शकला, आणि तो उपायही एका मर्यादेपर्यंतच पुरला. त्यापुढचे काम सैन्यदलात गेल्यावर, पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्‌स इन्स्टिट्यूटमधील खऱ्या गादीवर, खऱ्या धावमार्गावर आणि वैद्यकीय देखरेखीखाली झाले. लुगान्स्क आणि मॉस्को, प्रोख्लाद्नी आणि जागतिक स्पर्धा, देवरगाव आणि पुणे : ओळखणारा पहिला शिक्षक व घडविणारी पुढची व्यवस्था ही जोडी कोणत्याच ठिकाणी तुटलेली नाही. लासित्सकेनेच्या बाबतीत दोन्ही कामे एकाच माणसाने केली, एवढाच फरक. सोव्हिएत व्यवस्थेत हा दुवा नियमाने जुळत असे. आपल्याकडे तो योगायोगाने जुळतो, असे म्हणणे कटू असले तरी अन्यायाचे होणार नाही.

कुशारेची पुढील वाटचाल संथ आहे. २०१९ साली काठमांडूच्या दक्षिण आशियाई स्पर्धांत २.२१ मीटर व सुवर्णपदक. २०२२ साली गांधीनगर येथे राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत २.२७, २०२३ साली बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत २.२६ व रौप्यपदक. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो पात्रता फेरीत २.१५ वर थांबला, २.२० त्याला ओलांडता आले नाही. एकोणतीस वर्षांच्या खेळाडूविषयी अशा वेळी जे बोलले जाते ते बोलले गेले. पुढील वर्षी टोकियोत त्याने पात्रता फेरीत २.२५ आणि अंतिम फेरीत २.२८ पार केले. न्यूझीलंडचा हेमिश कर २.३६ मीटर उडी मारून जिंकला. कोरियाचा वू सांग-ह्योक दुसरा व चेक खेळाडू यान श्टेफेला तिसरा आला. १९६६ च्या आशियाई विजेत्याचे जागतिक विक्रमापासूनचे अंतर २३ सेंटिमीटर होते. १९९३ पासून अबाधित असलेल्या सोटोमायोरच्या २.४५ मीटरपासून कुशारेचे अंतर १७ सेंटिमीटर, आणि त्या दिवशीच्या जगज्जेत्यापासून केवळ ८ सेंटिमीटर होते. बासष्ट वर्षे मागे असण्याच्या हिशेबात हे आकडे बसत नाहीत.

या साऱ्याचा पालघर जिल्ह्याशी संबंध काय, असा प्रश्न साहजिक आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे मोखाडा व जव्हार हे तालुके नाशिक जिल्ह्याला भिडलेले आहेत. पलीकडे हरसूल परिसरातील सावरपाडा या आदिवासी पाड्यातून कविता राऊत ही लांब पल्ल्याची धावपटू आली; २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांत तिने दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. सह्याद्रीच्या या पट्ट्यातून धावपटू पुढे येतात, उडी मारणारे क्वचितच येतात. याचे कारण वंशात किंवा शरीरठेवणीत शोधण्याची सवय अजून गेलेली नाही. साधे कारण साधनांत असावे असे अनुमान अधिक सयुक्तिक दिसते : डोंगरातील वाट हा धावण्याचा फुकटचा मार्ग आहे, पाठीवर उतरण्याची फुकटची जागा मात्र निसर्गात कोठेच नाही.

आणि तरीही या जिल्ह्याला मक्याच्या गादीमागचा विचार परका नाही. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे केंद्र काढले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी तेथे आयुष्य वेचले. मॉन्टेसोरी पद्धतीची परदेशी, महागडी साधने आदिवासी पाड्यांत परवडणारी नव्हती. तेव्हा बिया, पाने, शंखशिंपले, माती अशा आसपासच्या वस्तूंतून शिक्षणसाधने बनविण्यात आली. तेथे तत्त्व शाबूत ठेवून साधन बदलले. देवरगावात तेच झाले, फक्त वर्ग उघड्यावरचा होता. वाड्याच्या कोलम तांदळाच्या शेतांत भाताची झोडणी झाल्यावर उरणारा पेंढा मक्याच्या चाऱ्याहून या कामाला कमी योग्य ठरावा असे काही नाही. आणि बोईसर-तारापूरच्या कारखान्यांच्या परिसरात फोमची गादी ही अप्राप्य वस्तू म्हणता येणार नाही.

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक काम पडलेले आहे. पालघर, डहाणू, तलासरी, विक्रमगड या तालुक्यांतील जुन्या शाळांचे व आश्रमशाळांचे साहित्यनोंदीचे दप्तर, तालुका व जिल्हा क्रीडास्पर्धांचे निकालपत्रक आणि निवृत्त क्रीडाशिक्षकांच्या आठवणी एकत्र केल्या, तर कोणत्या शाळेत उडीचा हौद कधी खणला गेला, तो कधी बुजला, आणि कात्री उडीवर किती मुलांची वाट थांबली, याचा आलेख मिळू शकेल. हे कागद टिकाऊ नसतात. कोकणच्या पावसात दप्तरे वाळवीच्या आधी ओलीने जातात. मक्याची गादी तर त्याहून अल्पायुषी. लेनिन स्टेडियमवरील २.२८ मीटरची उडी चित्रफितीवर जतन झाली आहे. देवरगावात त्या पहिल्या गादीवर उतरलेल्या मुलाने किती सेंटिमीटर ओलांडले होते, हे कोणत्याही कोष्टकात नाही.